अळवाचा कोपरा

आई, काल ऑफिसात एका दाराचा फोटो आला आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. दार साधंच आहे, लाकडी, हिरव्या रंगाचं. चौकट एका अंगाला कलली म्हणून दार बसेना, तेव्हा कोणीतरी त्याची वरची कड तिरकी कापून टाकलीय. दुसऱ्या बाजूला त्यामुळे फट पडली, तिथे पट्टी ठोकलीय. नंतर चौकट आणखी कलली असणार, कारण कापल्याची दुसरी खूणही दिसते आणि तिच्यावर रंग दिलेला नाही. पहिल्यांदा कापलं तेव्हा हौसेनं रंग दिला, दुसऱ्यांदा कंटाळा केला. आपल्या परसदाराचं हेच झालं होतं. दर पावसाळ्यात सुतार यायचा, रंधा मारून जायचा, आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून मांजर आत यायचं. तू असतीस तर फोटो बघून म्हणाली असतीस, यांच्याकडेही आपलाच सुतार जातो वाटतं. काल मला हसू आलं नाही. फोटो फाईलमध्ये टाकला आणि चहा घ्यायला उठले. हल्ली मी बऱ्याच गोष्टींनंतर चहा घ्यायला उठते.

हे दार जगाच्या पार उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या शाळेचं आहे. तू गेलीस तेव्हा मी इथल्या प्रयोगशाळेत माती तपासत होते, तेवढं तुला माहीत आहे. त्यानंतरचं सांगत बसले तर त्यातलं अर्धं नगर रोडवरच्या ट्रॅफिकबद्दलच असेल. थोडक्यात, आता मी खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत बसते आणि कधीही न पाहिलेल्या गावांमधल्या इमारती खचतायत का ते बघते. मी स्वतः बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसाच्या गाड्यावरचा, गोणपाटात गुंडाळलेला. तिथली जमीन मात्र उन्हाळ्यात वरवर वितळून सुटते तेवढीच, त्याखाली ती बारा महिने गोठलेली असते, आपल्या पणज्यांच्या पणज्यांपासून. मातीत बर्फ आहे, कुठे कणाकणानं, कुठे भिंतीएवढा. गोठलेला आहे तोवर तो खडकासारखा पक्का. त्याच्या भरवशावर लोकांनी घरं बांधली, शाळा बांधली, विमान उतरायची पट्टी केली. पाण्याचे नळ लाकडी पेट्यांमधून जमिनीच्या वरून नेले, कारण पुरले तर नळही जातो आणि जमीनही बिघडते. आता ती जमीन सुटत चाललीय. उन्हाळे लांबलेत, हिवाळ्यांची धार गेलीय, आतला बर्फ वितळतो तशी वरची माती बसते, आणि तीही सगळीकडे सारखी बसत नाही. लोडशेडिंगमध्ये आपल्या फ्रीजरमधला बर्फ सुटला की त्यावर ठेवलेलं आमरसाचं भांडं तिरकं व्हायचं आणि फ्रीज कोणी उघडला म्हणून तू घर डोक्यावर घ्यायचीस, साधारण तसंच. तिथे विमानाच्या पट्टीला खळगे पडलेत, तेलाच्या टाक्या कललेल्या आहेत, नळांच्या पेट्या मधेच लोंबकळतायत. जमिनीत खोलवर सोडलेल्या तारांवरची तापमानं रोज सकाळी माझ्याकडे येतात. ती मी बघते आणि अहवाल लिहिते.

आपण बुधवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून वाघोलीला आलो तेव्हा लोक बाबांना म्हणाले होते, एवढ्या लांब कोण राहतं. आता तेच लोक विचारतात, प्लॉट अजून आहे ना तुमचा. सगळी वाघोली दगडाच्या खाणींची, कुदळ मारली की ठिणगी उडायची, आणि आपल्या वाट्याला नेमका काळ्या मातीचा तुकडा आला. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की माझी चप्पल अडकायची, आणि पावसात तीच माती फुगून वर यायची. बाबा दिवसभर पेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, मी शाळेत, आणि तू त्या माळावर एकटी. पेठेतून निघताना शेजारणीनं तुला अळवाचे गड्डे दिले होते, ओल्या फडक्यात बांधून. तू ते स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी, परसदाराच्या शेजारच्या कोपऱ्यात लावलेस, कारण मोरीचं पाणी तिथेच बाहेर पडायचं. अळू आणखी कुठे लावायचं असतं हे आपल्याकडे कोणाला सुचणारही नाही. भांड्यांचं पाणी, तांदळाचं धुवण, हात धुतलेलं पाणी, सगळं त्या कोपऱ्यात. पानं सुपाएवढी झाली. ती घेऊन तू शेजारच्या मळ्यातल्या काकींकडे गेलीस, ओळखपाळख नसताना. काकींनी पहिला प्रश्न केला तो अळू खाजतं का, आणि तू म्हणालीस, खाऊन तुम्हीच सांगा. त्यानंतर ऋषिपंचमीच्या भाजीला अर्धी आळी आपल्याकडून पानं न्यायला लागली. त्या गावात तू माणसं जोडलीस ती अळवाच्या पानांवर. आणि तिसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यातून भेग निघाली, खिडकीच्या कडेपासून तिरकी वर छतापर्यंत. बाबांनी ती लांबीनं भरली, वरून चुना मारला, आणि पुढच्या दिवाळीच्या आत ती परत हजर झाली. दार घासायला लागलं. तू म्हणालीस, नवीन घर आहे, रुळायला वेळ लागणारच.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या असाव्यात. जन्म त्याच खेड्यातला, शिकायला बाहेर गेल्या, शिकवायला परत आल्या. आमची सकाळ असते तेव्हा त्यांची संध्याकाळ, त्यामुळे बोलणं सकाळचा डबा भरून झाल्यावर, घरूनच. इंग्रजीत बोलतो आम्ही, तुला मी आपल्या भाषेत सांगते. पहिल्यांदा बोललो तेव्हा त्यांनी हातात लॅपटॉप धरून मला सगळी शाळा फिरवून दाखवली. तिथे इमारती खांबांवर उभ्या करतात, खाली माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा ठेवून. हिवाळ्याची गार हवा त्या पोकळीतून वाहते, वरची ऊब जमिनीला लागू देत नाही, आणि उन्हाळ्यात सैलावलेली जमीन पुन्हा घट्ट गोठवते. शाळा बांधणाऱ्यांनी हे सगळं नीट केलं होतं. पण खालून वारं सुटलं की वर्गातली फरशी इतकी गार पडायची की लहान मुलं पाय बाकावर घेऊन बसायची. बाईंना ते बघवेना. त्यांनी गावाला बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून त्या पोकळीला चारी बाजूंनी प्लायवूडचे तक्ते ठोकले. मुलांनी त्यावर मासे काढले, पक्षी काढले. बाईंनी मला खचलेला कोपरा दाखवायच्या आधी ते तक्ते दाखवले. तेव्हापासून मुलं नुसत्या मोज्यांवर वर्गात बसतात, म्हणाल्या. मला त्याच क्षणी कळलं की खालचं वारं अडलंय. तक्ते ठोकून किती हिवाळे झाले ते मी विचारलं, त्या आठवून चार-पाच म्हणाल्या, आणि मी म्हणाले, मासे फार सुरेख काढलेत.

त्या शाळेचं काय होणार हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. खचलेला कोपरा तिथल्या मोठ्या हॉलचा आहे. गावाची वीज गेली की सगळे त्या हॉलमध्ये येऊन राहतात, लग्न तिथे, कोणी गेलं तर बसायलाही तिथेच. आणि शाळा बंद झाली तर मुलांना विमानानं लांबच्या शहरात पाठवायचं, तिथे वसतिगृहात ठेवायचं. बाईंच्या आईला लहानपणी असंच दूर नेलं होतं. ते त्या एकदाच बोलल्या, नेहमीच्या आवाजात, खिडकीकडे बघत.

माती हा विषय मला इंजिनिअरिंगला लागला तेव्हा मी किती शहाणी झाले होते ते तुला आठवत असेल. पहिल्या सहामाहीतच मी स्वयंपाकघरात उभी राहून तुला सांगितलं की भेगेचं कारण अळू आहे. बाकी घराखालची माती उन्हाळ्यात सुकते, हा एकच कोपरा तू बारा महिने भिजवतेस, म्हणून तो फुगून राहतो आणि भिंत उचलतो. तू पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पाणी कुठे टाकायचं ते शिकवतात वाटतं तुमच्या कॉलेजात? मग नळाला कधी येतं तेही विचारून ये." बाबा हसले, मी चिडले, आणि तू पुढची पोळी लाटायला घेतलीस. जेवताना मी पुन्हा विषय काढला तेव्हा मात्र तू चिडलीस. म्हणालीस, या घरात तुम्हा दोघांची जायची ठिकाणं आहेत, माझं तेवढं एक अळू आहे, त्याच्याकडे बोट करू नकोस. मी पुढे बरेच दिवस बोट केलं नाही. सुतार येत राहिला.

मग मी नोकरीला लागले. एकदा मी डबा विसरले आणि तू वाघोलीहून बस बदलत प्रयोगशाळेत डबा घेऊन आलीस. मी तुला आत नेलं, कारण मला मिरवायचं होतं. टेबलावर काचेच्या दोन नळ्या होत्या, दोन्हींत सारखीच काळी माती, एकीत पाणी ओतलेलं आणि दुसरीत रॉकेल. तू वास घेतलास आणि म्हणालीस, आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहायचं आणि तुम्ही मातीला पाजायचं. मी समजावलं की रॉकेलनं माती फुगत नाही, पाण्यानं फुगते, आणि दोन्हींतला फरक बघून तिचा स्वभाव कळतो. आदल्या दिवशी दोन्ही सारख्या होत्या. आता पाण्यातली जवळजवळ दुप्पट झाली होती. तू चष्मा लावून बराच वेळ बघितलंस. कुठली माती, असं विचारलंस. आपल्या परसातली, मी म्हणाले, मीच आणलीय. डबा टेबलावर ठेवलास, त्यात अळूवड्या होत्या, आणि बस चुकेल म्हणून निघालीस.

त्या रविवारी मी उठून मागे आले तर तू कुदळ घेऊन अळू उपटत होतीस. साडी खोचलेली, हात कोपरापर्यंत काळे. मळ्यातल्या काकी कुंपणाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं ताई, चांगलं जितं हाय की. काय झालं त्याला?" तू म्हणालीस, "अळवाला काही नाही झालं. घराला झालंय." आणि सगळे गड्डे पाटीत भरून त्यांच्या हातात दिलेस. मी मदतीला पुढे झाले तर नको म्हणालीस. मोरीचं पाणी तू बाबांना सांगून नळीनं पार कुंपणाजवळच्या पेरूच्या झाडापर्यंत नेलंस. दोन वर्षांत कोपरा जागेवर आला, भेग भरली ती भरलेलीच राहिली, दार एका बोटानं लागायला लागलं. तुझ्या हयातीत सुतार परत आला नाही. मी बरोबर होते आणि मला त्याचा फार आनंद झाला होता, तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांची होते. ऋषिपंचमीला तू मंडईतून पानं आणलीस.

आमच्या साहेबांना निर्णय नको असतो. वाईट माणूस नाही, दमलेला आहे, माझ्यासारखाच. त्यांचं म्हणणं, शब्द जपून वापरा, निरीक्षण चालू ठेवावे असं लिहा, पुढचं तिथले लोक बघतील. मी हे वाक्य इतक्या अहवालांच्या शेवटी लिहिलंय की बोटांना ते पाठ आहे. विमानाच्या पट्टीबद्दल लिहिलं, टाक्यांबद्दल लिहिलं, दवाखान्याच्या पायऱ्या भिंतीपासून सुटल्या तेव्हाही लिहिलं. निरीक्षण चालू आहे. जमीनही चालू आहे. दर वर्षी तारांवरचे आकडे शून्याच्या थोडे आणखी जवळ आलेले असतात, जिथे तक्ते नाहीत, जिथे कोणी काहीच केलेलं नाही, अशा ठिकाणीसुद्धा. त्या बाईंनी प्लायवूड ठोकलं नसतं तरी हे झालंच असतं, फक्त सावकाश. तिथल्या मुलांचे पाय गार पडले तेव्हा इथे आपण सगळे एसी लावून बसलो होतो, हे अहवालात लिहायला जागा नसते. खडकवासला भरलं की पेपरात फोटो येतो आणि आपल्या गल्लीत टँकर येतो, तेही आपण मुकाट्यानं घेतोच की. कशाकशावर चिडायचं, आई. मी घरी येते, दोन गिळते, झोपते.

पण या शाळेच्या वेळी ते वाक्य लिहवेना. हॉलच्या कोपऱ्यातल्या खांबांना खालची जमीन धरून राहिलेली नव्हती, हे आकड्यांवरून दिसत होतं. वर्गांकडची बाजू अजून वाचण्यासारखी होती. तक्ते हिवाळ्याआधी काढले, खालून वारं जाऊ दिलं, खाली साचून गोधडीसारखा जमिनीची ऊब धरून ठेवणारा भुसभुशीत बर्फ लोटत राहिले, तर वर्गांखालची जमीन पुन्हा गोठेल आणि काही वर्षं मिळतील. किती ते मी सांगू शकत नाही. हॉल मात्र आत्ताच बंद करायचा. मी हे असंच लिहिलं, जपून न वापरलेल्या शब्दांत. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, बाईंना तुम्हीच सांगा मग. त्यांच्या पद्धतीनं ती संमतीच होती.

गेल्या आठवड्यात सांगितलं. मी इथे आपल्याच स्वयंपाकघरात बसले होते, कारण इथेच नेट नीट येतं. त्या त्यांच्या वर्गात, मागे फळ्यावर कसल्यातरी स्पेलिंगांची ओळ. मी एकेक करून सगळं सांगितलं, खांब, कोपरा, हॉल, तक्ते. वर्ग चालू राहतील, मुलांना विमानात बसवायची वेळ आत्ता येणार नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून शेवटी आलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "म्हणजे मी मुलांचे पाय गरम ठेवले म्हणून हे झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही झालं नसतं. मी म्हणाले, होणारच होतं, पण तुमच्या तक्त्यांनी ते लवकर आणलं. त्या हॉलच्या दिशेनं बघत राहिल्या. मला वाटलं की आता त्या रडतील किंवा मला बोलतील, दोन्हींची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, तक्ते ठोकले तेव्हा त्यांची आई होती. म्हातारी येऊन प्रत्येक वर्गात मोज्यांवर चालून बघत होती आणि म्हणत होती, आता कुणी मुलगा शाळेतून पळून येणार नाही. आईनं बघितलेली ती शेवटची चांगली गोष्ट, आणि ती मी माझ्या हातानं उचकटून काढू का, असं त्यांनी मला विचारलं नाही, पण मला ते ऐकू आलं. मग त्यांनी जे विचारलं ते साधंच होतं.

"तुमच्या घरी असं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

आणि मी त्यांना तुझं सांगितलं. माती, मोरीचं पाणी, अळू. अळवाला त्यांच्याकडे शब्द नाही, मी एक मोठ्या पानांची भाजी म्हणाले, जी माझ्या आईची एकटीची होती. पेठेतून ओल्या फडक्यात आलेले गड्डे सांगितले, रॉकेलची नळी सांगितली, आणि रविवारची सकाळ. आईनं स्वतःच्या हातानं काढलं, मी म्हणाले, कोणालाही हात लावू दिला नाही, आणि घर वाचलं. त्यांनी विचारलं, नंतर ती नाराज होती का. मी म्हणाले, मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. म्हणाल्या, तुमच्या आईनं केलं तर मीही करते, पण मुलांनी रंगवलेले तक्ते आहेत, ते मुलांच्या हातांनीच उतरवू. मग आम्ही बर्फ कसा लोटायचा त्याबद्दल बोललो, पुढचे आकडे कधी बघायचे ते ठरवलं, आणि कॉल बंद केला. मी उठून गॅस पुसला, पुसलेलाच होता.

परवा फोटो आले. तक्ते उतरवलेत, हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलेत, मासे आणि पक्षी बाहेरच्या बाजूला. शाळेखालून पलीकडचं आभाळ दिसतं. एका फोटोत वर्ग आहे, मुलं जाड बूट घालून बसलीयत, एकीनं पाय बाकावर घेतलेत. खाली बाईंनी लिहिलं होतं, तुमच्या आईला सांगा. त्यांना तू नाहीस हे माहीत आहे, मी सांगितलं होतं. त्यांच्याकडे तसं म्हणत असतील. हिरव्या दाराचा फोटो त्यानंतर आला, काल, हॉलचं दार आता कायमचं बंद केलं हे दाखवायला. जमिनीचे आकडे अजून हललेले नाहीत. इतक्यात हलणारही नाहीत, आणि हिवाळा पुरेसा गार पडेल की नाही हे कोणाच्याच हातात नाही. मला त्यांचं कौतुक वाटतं आणि भीती वाटते, की एवढं सोसूनही ती जमीन ऐकणार नाही.

त्यांनी सांगायला सांगितलं म्हणून हे लिहितेय. लिहून झाल्यावर कुठे टाकणार, टेबलाच्या खणातच राहील. पण लिहायला बसलेच आहे तर त्यांना जे सांगितलं नाही तेही लिहिते. आई, तुझं तेरावं झालं त्याच आठवड्यात मी मळ्यातल्या काकींकडे गेले होते. काही मागायचं मनात नव्हतं. त्यांच्या विहिरीपाशी ते अळू एवढं माजलं होतं, आणि काकी म्हणाल्या, "तुज्या आईचंच हाय, ने की." मी दोन गड्डे आणले आणि त्याच कोपऱ्यात लावले. माती माहीत असताना, परीक्षा पास झालेली असताना, बाबा खिडकीतून बघत असताना. पेरूकडे नेलेली नळी बाबांनीच काढून ठेवली. आता बाबाही नाहीत. भेग केव्हाच परत आलीय, खिडकीपासून छतापर्यंत, या वर्षी बोट जाईल एवढी. त्या बाईंना मी छातीठोकपणे सांगत होते तेव्हा ती माझ्या पाठीमागेच होती, मी लॅपटॉप जरा वळवून बसले होते इतकंच. परसदार वरच्या कडेला घासतं, ओढून घ्यावं लागतं. काढायचं काढायचं म्हणते, कुदळही आणून ठेवलीय. आज सकाळी तांदूळ धुतले आणि पाणी तिथेच ओतलं.